बाळ यूकेत जन्मलं, आयएलआर नंतर आला: ब्रिटिश नागरिकत्वाची नोंदणी कशी होते

‘आमचा आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) आला, आता बाळाच्या ब्रिटिश पासपोर्टचा फॉर्म भरून द्या,’ असे फोन आम्हा सल्लागारांना सतत येतात. फॉर्मला हात लावण्याआधी आम्ही दोन तारखा विचारतो: बाळाची जन्मतारीख आणि आयएलआर मंजूर झाल्याची तारीख. काहींना ही टाळाटाळ वाटते, पण पुढचं सगळं या दोन तारखांवर ठरतं.

जन्माच्या वेळी आई किंवा बाबा, कुणीही एक, ब्रिटिश किंवा सेटल्ड (म्हणजे आयएलआरसारखा कायम राहण्याचा हक्क असलेलं) असेल तर यूकेत जन्मलेलं बाळ जन्मतःच ब्रिटिश असतं. त्याला नोंदणी लागत नाही, थेट पासपोर्ट काढा. जन्म आधी आणि आयएलआर नंतर असेल, तर बाळ अजून ब्रिटिश नाही. त्याला 1981च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम 1(3) प्रमाणे नोंदणीचा हक्क मात्र आहे. त्यासाठी एमएन1 फॉर्म, वयाची 18 वर्षं पूर्ण होण्याआधी. मूल 10 वर्षांचं झालं की चांगल्या वर्तणुकीची अटही लागू होते, म्हणून उगाच लांबवू नका.

चूक होते ती तारखेत. आयएलआरचा अर्ज 3 मार्चला केला, बाळ 20 मार्चला झालं, मंजुरी 10 एप्रिलला आली, तर नोंदणी करावीच लागते. मंजुरी 18 मार्चला आली असती तर गरज नव्हती. अर्जाची तारीख धरून लोक थेट पासपोर्टचा अर्ज करतात. तो नाकारला जातो, फी परत मिळत नाही आणि महिने वाया जातात. गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या कुटुंबांनीही लक्षात घ्यावं: ईयू सेटल्ड स्टेटस (ईयू नागरिकांना मिळणारा कायम राहण्याचा दर्जा) चालतं, प्री-सेटल्डवर, म्हणजे त्याआधीच्या तात्पुरत्या दर्जावर, हा हक्क मिळत नाही.

दुसरी महागडी चूक म्हणजे बाळासाठी आधी आयएलआर घेणं. इथं जन्मलेल्या बाळाला त्याची गरज नाही. 2025च्या दरांनी आयएलआरचे 3,029 पौंड होत, तर नोंदणीची फी 1,214 पौंड होती. ही फीसुद्धा परवडत नसेल, तर माफीचा अर्ज करता येतो.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते जन्मदाखल्यावर. आई-बाबांची नावं असलेला पूर्ण दाखला लागतो. फक्त बाळाचं नाव असलेला छोटा दाखला चालत नाही. मग नावांचा घोळ: जन्मदाखल्यावर आईचं नुसतं नाव-आडनाव, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव, ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्यावर माहेरचं आडनाव. आपल्याला हे रोजचंच, तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र त्या तीन वेगळ्या बायका वाटू शकतात. म्हणून आम्ही प्रत्येक अर्जासोबत नावांचा खुलासा करणारं पत्र जोडतो. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर अनुवादकाचं नाव, सही, तारीख आणि अचूकतेच्या हमीसह आम्हीच करून देतो.

रेफरी, म्हणजे बाळाच्या ओळखीची खात्री देऊन सही करणारे, दोन लागतात. एक, बाळाशी कामानिमित्त संबंध आलेली व्यक्ती: शिक्षिका, हेल्थ व्हिजिटर वगैरे. दुसरा सहसा ब्रिटिश पासपोर्टधारक, आणि शिवाय व्यावसायिक किंवा 25 वर्षांवरचा. मामा, काका, आत्या चालत नाहीत. ‘तुम्हीच सही करा ना’ असा आग्रह आम्हाला करू नका. अर्ज हाताळणाऱ्या सल्लागाराला रेफरी होता येत नाही.

बाळाकडे व्हिसा नसेल, तर नोंदणी होऊन ब्रिटिश पासपोर्ट हातात येईपर्यंत त्याला भारतात नेऊ नका. परत येताना त्याच्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागेल. निर्णयाला सहा महिनेसुद्धा लागू शकतात, म्हणून दिवाळीची तिकिटं आधी काढून ठेवू नका. नोंदणीनंतर बाळाचा भारतीय पासपोर्ट असेल तर तो सरेंडर करायचा आणि मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) काढायचं. दोन्ही पासपोर्ट एकदम ठेवता येत नाहीत.

थोरला पुण्यात जन्मलेला आणि धाकटी इथली, असं असेल तर दोघांचा मार्ग एक नाही. कलम 1(3) फक्त यूकेत जन्मलेल्यांसाठी. थोरल्याला आधी आयएलआर लागतो, आणि त्याची नोंदणी सहसा आई-बाबांपैकी एक जण ब्रिटिश झाल्यावर, तीही ब्रिटिश गृहखात्याच्या (होम ऑफिस) विवेकाधिकारात. दोघांचे अर्ज एकत्र भरू नका.

तारखा तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. येताना बाळाचा पूर्ण जन्मदाखला, आयएलआरचं मंजुरीपत्र, ई-व्हिसाचा शेअर कोड (आपला दर्जा ऑनलाइन दाखवण्याचा कोड, तो 90 दिवसच चालतो), दोघांचे पासपोर्ट आणि विवाह दाखला आणा. मंजुरीपत्र पाहिल्याशिवाय फोनवर ‘हो, चालेल’ असं आम्ही कुणालाही सांगत नाही.