संच घेण्याआधी: पिकाला पाणी देण्याच्या पद्धती

ठिबक आणि तुषार संच बसवून देणं हा आमचा व्यवसाय. तरी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी एकच विचारतो, जमीन कशी आहे? पिकाला नुसतं पाणी नको असतं, वाफसा हवा असतो. ओलाव्याबरोबर हवाही मिळाली तरच मुळं अन्न घेतात.

मोकाट पाण्यात दांडाजवळ, म्हणजे पाटाजवळ, चिखल होतो आणि शेताचं टोक तहानलेलं राहतं. भातासारखं पीक सोडलं तर ही पद्धत टाळाच. पण सरी-वरंब्याला नावं ठेवू नका. रान एकसारखं करून घेतलं, हलक्या जमिनीत सऱ्या आखूड ठेवल्या आणि टंचाईत एक आड एक सरी भिजवली, तर नवा खर्च न करताही बरंच पाणी वाचतं.

तुषार उंचसखल रानाला आणि दाट पेरलेल्या पिकाला चांगलं. त्याला साधारण 2 ते 3 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो. वारा सुटला की फवारा एकीकडेच पडतो, म्हणून पहाटे चालवा. पाणी खारं असेल तर मात्र तुषार घेऊ नका, पानं करपतात.

ठिबकला ड्रिपरपाशी, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीपाशी, साधारण 1 किलो दाब पुरतो आणि पाणी थेट मुळांशी पडतं. ड्रिपरखालची ओल हलक्या जमिनीत गाजरासारखी सरळ खाली जाते, भारी जमिनीत कांद्यासारखी आडवी फुगते. म्हणून हलक्या रानात ड्रिपर जवळजवळ हवेत आणि पाणी थोडं थोडं पण वरचेवर द्यायला हवं. भारी रानात अंतर वाढवता येतं. शेजाऱ्याच्या रानातलं अंतर बघून लॅटरल (ड्रिपर असलेली बारीक नळी) मागू नका, ही आमची कळकळीची विनंती.

ठिबक बिघडतं ते बहुतेक वेळा गाळणीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. विहिरीच्या पाण्यात वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लॉन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारं यंत्र), शेततळ्यात शेवाळ असेल तर वाळूची गाळणी आणि तिच्यानंतर जाळीची किंवा चकतीची गाळणी, असा क्रम ठेवा. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाब दाखवणाऱ्या गेजमध्ये अर्ध्या किलोचा फरक दिसला, की ती धुवायलाच हवी. लॅटरलची टोकं उघडून पाणी नितळ येईपर्यंत सोडत जा. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर ते क्षार आहेत. त्यावर आम्ल प्रक्रिया करावी लागते, ती आम्हाला विचारूनच करा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

संच नीट चालतोय का, हे तुम्हीच तपासू शकता. ताशी 4 लिटरचा ड्रिपर 6 मिनिटांत 400 मिलिलिटर पाणी देतो. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवून मोजा. शेवटी 300च भरलं, तर टोकाची झाडं रोज पाव हिश्शाने उपाशी राहताहेत. लॅटरल फार लांब आहे, दाब कमी पडतोय किंवा ड्रिपर तुंबलाय.

ठिबकवर ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षार साचतात. पावसाची हलकी सर ते पुन्हा मुळांकडे ढकलते. खाऱ्या पाण्याच्या रानात अशा पावसाच्या वेळी संच बंद करू नका, चालू ठेवा.

आमच्याकडे येताना मुळांच्या खोलीवरची ओंजळभर माती आणि बाटलीभर पाणी आणा. पंपाखाली 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते तेही मोजून या. 10 सेकंदांत भरली तर ताशी 7,200 लिटर पाणी आहे. एका वेळी किती रान भिजेल, हे आपण त्यावरून बसून काढू.