ऑइलचा लाल दिवा: स्विच गेलाय की दाब?

क्वाड बाईकवर (चार जाड चाकांच्या मोटरसायकलवर) ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला की गॅरेजमध्ये एक ठरलेला प्रयोग होतो. इंजिनावर बसवलेल्या, हा दिवा लावणाऱ्या दाबाच्या स्विचची (यालाच सेन्सर म्हणतात) वायर ओढून काढतात, दिवा विझतो आणि निकाल लागतो: "बघा, सेन्सर गेलाय." मग कोणी नवा स्विच घालतो, कोणी ती वायर टेप गुंडाळून तशीच लोंबकळत ठेवतो, आणि गाडी पुन्हा डोंगरावर.

हा निकाल चूक आहे. स्विच खराब असेल तरी वायर काढल्यावर दिवा विझतो, आणि इंजिनात दाब शून्य असेल तरी विझतोच. दोन्हीकडे उत्तर एकच येत असेल तर त्या प्रयोगाने निवाडा झाला कुठे?

पातळी आणि दाब यांतला फरक थोडक्यात उरकतो, कारण डिपस्टिक बघता सगळ्यांनाच येते. डिपस्टिक सांगते तेल किती आहे. दिवा सांगतो ते तेल पंपाने ढकललं जातंय की नाही. तेल खुणेपर्यंत भरलेलं असूनही दाब नसू शकतो: चाळणी तुंबली, पंप झिजला, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला. यातला सर्वात फसवा प्रकार कार्ब्युरेटरच्या गाड्यांत होतो. पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकते, पेट्रोल झिरपत इंजिनात उतरतं आणि पातळी खुणेच्या वर जाते. मालक खूश, तेल भरपूर आहे! प्रत्यक्षात ते इतकं पातळ झालेलं असतं की गरम झाल्यावर दाब टिकत नाही. डिपस्टिक नुसती बघू नका, नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला किंवा तेल दुधाळ दिसलं (म्हणजे पाणी शिरलंय), तर आधी तेल बदला आणि कारण शोधा. स्विचचं नंतर बघू.

आता मूळ गोंधळ. हा स्विच म्हणजे फार साधी वस्तू आहे. बहुतेक गाड्यांत त्याला एकच वायर असते आणि अर्थिंग त्याच्या आट्यांतून थेट इंजिनाच्या बॉडीला मिळतं. दाब नसताना आतले संपर्क जुळलेले असतात, म्हणून चावी ऑन केली आणि इंजिन बंद असलं की दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, दाब चढला की आतला पडदा ढकलला जातो, संपर्क सुटतात आणि दोन-चार सेकंदांत दिवा विझतो. वायर काढणं म्हणजे तोच जोड हाताने तोडणं. त्यामुळे दिवा विझल्यावर एवढंच सिद्ध होतं की दिव्यापासून स्विचपर्यंतची वायर कुठे बॉडीला चिकटलेली नाही. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर मात्र काहीतरी खरोखर सापडलं: वायर मध्येच कुठेतरी सोलून फ्रेमला लागली आहे. क्वाडवर ही जागा बहुधा हँडलच्या वळणाशी किंवा सायलेन्सरजवळ सापडते. म्हणजे हा प्रयोग वायरिंगसाठी उत्तम आहे. स्विच आणि दाब यांच्यात निवड करायला तो निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा स्विच साधारण ०.२ ते ०.५ बारच्या आसपास सुटतो, म्हणजे ३ ते ७ पीएसआय. साध्या बेअरिंग शेलवर (रोलर नसलेल्या, तेलाच्या थरावर चालणाऱ्या गुळगुळीत वाट्यांवर) चालणाऱ्या इंजिनात पळताना याच्या कितीतरी पट दाब असायला हवा. दिव्याची नजर फक्त त्या तळाच्या रेषेवर आहे. दिवा लागला म्हणजे दाब "थोडा कमी" झालेला नाही, जवळजवळ संपलेला आहे. आणि दिवा विझलेला आहे यावरून इंजिन ठणठणीत आहे असंही म्हणता येत नाही. म्हणूनच दुसऱ्या गाडीचा, आटे जुळतात म्हणून बसवलेला स्विच मला चालत नाही. तो अर्ध्या बारऐवजी ०.२ बारला सुटणारा असेल, तर दाब होता तिथेच राहतो आणि दिवा तेवढा गप्प होतो. स्विच त्याच मॉडेलचा घ्यावा. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

मग ओळखायचं कसं? निम्मं उत्तर दिवा कधी लागतो यातच असतं. थंड इंजिनावर दिवा विझतो, अर्ध्या तासाने गरम झाल्यावर स्लोवर (रेस न देता) लुकलुकतो आणि जरा रेस दिली की विझतो: इथे स्विचला दोष देऊ नका. गरम तेल पातळ होतं, स्लोवर पंप हळू फिरतो, आणि झिजलेल्या बेअरिंगमधून दाब निसटतो. हे लक्षण बहुतेक वेळा खरंच असतं. चढावर किंवा जोरात वळताना दिवा चमकला, तर तेल कमी आहे आणि पंपाच्या तोंडाशी हवा येतेय. पातळी पुन्हा तपासा. ड्राय संप इंजिनांत, उदाहरणार्थ यामाहा रॅप्टर ७०० मध्ये, तेल वेगळ्या टाकीत असतं आणि पातळी इंजिन चालवून झाल्यावर बघायची असते. थंड गाडीवर बघून भर घालणारे तिथे तेल जास्त करून ठेवतात. डिपस्टिक फिरवून बसवायची की नुसती टेकवायची हेही मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा मॅन्युअल उघडा.

याउलट थंड असो वा गरम, स्लो असो वा फुल रेस, दिवा ढिम्म एकसारखा लागलेला आणि इंजिनाचा आवाज नेहमीचाच, तर संशय स्विचवर जातो. स्विचच्या कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) तेल आलेलं दिसलं तर आतला पडदा फाटलाय, तिथे चर्चा संपली. समुद्राच्या पाण्यातून गाडी काढल्यावर एलईडी दिवा मिणमिणू लागला, तर कपलरमधलं खारं पाणी अर्थिंग देत असण्याची शक्यता मोठी. साध्या पाण्याने धुवा, वाळवा, हिरवा गंज खरवडून काढा.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा दोन ठिकाणी मिळतो. पहिला स्वस्तातला: स्विच काढा, रबरी नळीत घट्ट बसवा आणि मीटर असलेल्या पायपंपाने हवा भरा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, त्याची एक वायर स्विचच्या टोकाला, दुसरी स्विचच्या बॉडीला. हवा नसताना मल्टिमीटर वाजला पाहिजे, आणि १५ पीएसआयच्या आत तो गप्प झालाच पाहिजे. नाही झाला तर स्विच कचऱ्यात. या चाचणीत इंजिनाचा संबंधच येत नाही, म्हणून मला ती सर्वात आवडते.

दुसरा पुरावा म्हणजे स्विचच्या भोकात लावलेला यांत्रिक प्रेशर गेज. जपानी गाड्यांत त्या आट्यांचं माप बहुधा १/८ पीटी (निमुळते आटे) असतं. इतरत्र एम१० गुणिले १ (मिलिमीटरचं माप) सापडतं, आणि चुकीच्या मापाचा जोड बळजबरीने पिळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. इंजिन सुरू करा, काही सेकंदांत काटा हलला नाही तर ताबडतोब बंद. हलला तर पूर्ण गरम होऊ द्या आणि स्लोवर व मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमवर वाचन घ्या. थंड इंजिनावरचं वाचन घेऊन "दाब मस्त आहे" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आणि हे दोन्ही होईपर्यंत "जरा घरापर्यंत नेतो" नको. गाडी टेम्पोत घाला. क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) खराब झाला तर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत टेम्पोचं भाडं काहीच नाही.

बाकी किरकोळ. टिपकणाऱ्या तेलाच्या किटलीचं चिन्ह म्हणजे दाब, थर्मामीटरचं चिन्ह म्हणजे तापमान. होंडाच्या काही एअर-कूल्ड क्वाडवर दिवा तेलाच्या तापमानाचाच असतो. काटेरी मीटरला जोडलेला सेंडर वेगळा, त्याचा रोध दाबाप्रमाणे बदलतो. तो वरच्या पायपंपाच्या चाचणीने तपासू नका. किनाऱ्यावर भाड्याने फिरणाऱ्या लहान क्वाडवर बहुतेकदा हा दिवाच नसतो. क्रँकला रोलर बेअरिंग असलेल्या इंजिनाला मोठा दाब लागत नाही, तेल पोचलं की भागतं.

आणि उलटा दोष, ज्याची तक्रार घेऊन कोणीच येत नाही: दिवा कधीच न लागणं. चावी ऑन, इंजिन बंद, तरी दिवा नाही? वायर काढून इंजिनाच्या बॉडीला टेकवा. दिवा लागला तर स्विच किंवा त्याचं अर्थिंग गेलंय. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळून बसवलेल्या स्विचचं अर्थिंगच कधीकधी तुटतं. नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर बघा. जुनी क्वाड विकत घेताना इंजिन सुरू करायच्या आधी नुसती चावी फिरवून हा दिवा लागतो का बघा. नाही लागला, तर वाकून स्विचपाशी हात घाला. टेप गुंडाळलेली एक मोकळी वायर हाताला लागली, की किमतीची बोलणी तिथूनच सुरू करा.