कॅव्हेल व्हॅन

इंग्लंडच्या साउथ ईस्टर्न अँड चॅटम रेल्वेचा १३२ क्रमांकाचा चारचाकी पार्सल डबा. केंटमधील ॲशफर्ड कारखान्यात १९१९ मध्ये बांधला गेला. परिचारिका ईडिथ कॅव्हेल यांचे पार्थिव त्याच वर्षी या डब्यातून डोव्हरहून लंडनला आणले, त्यावरून हे नाव पडले. कॅप्टन चार्ल्स फ्रायट आणि ब्रिटनचा ‘अनाम योद्धा’ (पहिल्या महायुद्धात पडलेल्या अनोळखी सैनिकांचे प्रतीक म्हणून पुरलेला एक सैनिक) यांच्या शवपेट्याही पुढील दीड वर्षात यानेच वाहिल्या. डबा आता केंट अँड ईस्ट ससेक्स या वारसा रेल्वेच्या (जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या रेल्वेच्या) ताब्यात असून बोडियम स्थानकात पाहायला मिळतो.

डबा अंत्ययात्रेसाठी बांधलेला नव्हता. पार्सले आणि किरकोळ सामान नेणाऱ्या नव्या जातीच्या डब्यांचा हा पहिला नमुना होता. लोखंडी चौकटीवर लाकडी फळ्यांचा सांगाडा, लांबी ३२ फूट, दोन आसांमधले अंतर २१ फूट, आणि दोन्ही बाजूंना दुहेरी दारांच्या दोन-दोन जोड्या. मालगाडीच्या वाघिणीपेक्षा अशा डब्याचा दर्जा वेगळा असे. त्याला व्हॅक्यूम ब्रेक (इंजिनातून सगळ्या डब्यांना एकदम लावता येणारा) असल्यामुळे तो प्रवासी गाडीला जोडून तिच्याच वेगाने पळवता येई. शवपेट्या लगेजच्या डब्यातून नेण्याची पद्धतही तिकडे जुनी आणि सर्वमान्य होती.

ब्रसेल्समध्ये रुग्णालय चालवताना कॅव्हेल यांनी दोस्त राष्ट्रांच्या सुमारे दोनशे सैनिकांना हॉलंडमार्गे निसटायला मदत केली, म्हणून जर्मनांनी त्यांना १२ ऑक्टोबर १९१५ रोजी गोळ्या घातल्या. १४ मे १९१९ रोजी पार्थिव डोव्हरला उतरले तेव्हा सेंट मेरी चर्चच्या घंटा आवाज दबेल अशा बेताने लोलक गुंडाळून वाजवण्यात आल्या. फ्रायट हे ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या ‘ब्रसेल्स’ या जहाजाचे कप्तान. चाल करून आलेल्या जर्मन पाणबुडीच्या अंगावर त्यांनी १९१५ मध्ये जहाज घातले होते. पुढल्या वर्षी ते हाती लागल्यावर त्यांना देहदंड दिला गेला. त्यांचे पार्थिव जुलै १९१९ मध्ये आले.

तिसरी फेरी १० नोव्हेंबर १९२० ची. फ्रान्समधून आणलेला, ओळख न पटलेला एक ब्रिटिश सैनिक ‘व्हर्डन’ या विनाशिकेने बुलोनहून डोव्हरला पोहोचला. शवपेटी हॅम्प्टन कोर्टच्या ओकची होती. डबा आतून पानाफुलांनी सजवला होता आणि छप्पर पांढरे रंगवले होते. गाडी अंधार पडल्यावर निघणार होती. रुळांच्या कडेला उभ्या राहिलेल्या लोकांना नेमका डबा ओळखू यावा, एवढाच त्या रंगाचा हेतू. रात्री ८ वाजून ३२ मिनिटांनी गाडी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाच्या ८ क्रमांकाच्या फलाटावर लागली. पेटी रात्रभर पहाऱ्यात डब्यातच राहिली आणि दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. फलाटाजवळ आज स्मृतिफलक आहे.

सोहळा संपला आणि डबा रोजच्या कामाला लागला. त्याच्या चरित्रातला मोठा भाग हाच, पण नोंदींत तो दोन ओळींत उरकला जातो. १९२३ मध्ये कंपनी सदर्न रेल्वेत विलीन झाली, १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. या नमुन्यावर सुधारणा करत १९५१ पर्यंत शेकडो डबे बांधले गेले. त्यांत काय जात नसे? पहाटेची वर्तमानपत्रे, टपालाच्या थैल्या, केंटच्या बागांतली फळे, प्रवाशांनी आधीच पुढे धाडलेल्या ट्रंका. शर्यतीच्या कबुतरांच्या करंड्याही जात. ठरलेल्या स्थानकावरचा हमाल करंडी उघडून पाखरे सोडी, सोडल्याची वेळ चिठ्ठीवर लिही आणि रिकामी करंडी परतीच्या गाडीत टाकी. मालकाने स्थानकावर पाऊल ठेवायचीही गरज नसे. घरून पार्सल उचलून घरपोच देण्याची सेवा ब्रिटिश रेल्वेने १९८१ मध्ये बंद केली. १९८८ मध्ये वर्तमानपत्रेही रस्ता-वाहतुकीकडे गेली आणि अशा डब्यांना काम उरले नाही.

मात्र या जातीचे बरेच डबे भंगारात जाण्यापासून वाचले. कोरडा, कुलूप लागणारा, भक्कम जमिनीचा आणि रुंद दारांचा डबा वारसा रेल्वेंना कोठी म्हणून हवाच असतो. इतिहासाच्या प्रेमापेक्षा सुटे भाग ठेवायच्या गरजेने त्यांना तारले, असे म्हणायला हरकत नाही. लाकडी डब्याचा खरा शत्रू म्हणजे छपरातून झिरपणारे पाणी. वरचे कॅनव्हास फाटले की ओल आधी खांबांच्या माथ्यात आणि मग फळ्यांच्या टोकांत शिरते, खालचे लोखंड मात्र धडधाकट राहते. १३२ क्रमांकाच्या डब्याची डागडुजी २०१० मध्ये पूर्ण झाली. डब्याला १९२० चे रूप आणि पांढरे छप्पर पुन्हा देण्यात आले. आत अनाम योद्ध्याच्या शवपेटीची प्रतिकृती आहे.

याच्या जोडीने सदर्नच्या एस २४६४ एस या लगेज डब्याचे नाव घेतले जाते. ३० जानेवारी १९६५ रोजी विन्स्टन चर्चिल यांची शवपेटी लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून ऑक्सफर्डशायरमधील हँडबरोला नेणारा तो हाच. लगेच तो विकला जाऊन कॅलिफोर्नियात एका गोल्फ मैदानावर जाऊन पडला. २००७ मध्ये स्वॉनेज रेल्वेने तो इंग्लंडला परत आणला आणि २०१५ मध्ये, चर्चिल यांच्या अंत्ययात्रेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात तो मांडण्यात आला.