शनिवारचे रंगकाम आणि घराची मालकी: अमेरिकी फ्रॅटर्निटींच्या शाखागृहांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील विद्यापीठांच्या गावांमध्ये ऑगस्टच्या मध्यावर, सत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, फ्रॅटर्निटींच्या, म्हणजे महाविद्यालयोमहाविद्यालयी शाखा असलेल्या विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनांच्या, घरांसमोर शिड्या, रंगाचे डबे आणि मोडक्या सोफ्यांचे ढीग दिसू लागतात. आत साठीतले माजी सदस्य आणि विशीतले विद्यार्थी मिळून भिंती खरवडत असतात, लाकडी जमीन घासत असतात आणि दरवर्षीच्या सामूहिक छायाचित्रांच्या अवजड चौकटी, ज्यांना तिथे ‘कंपोझिट’ म्हणतात, भिंतीवरून उतरवून बाजूला रचत असतात. अशा कामाचे वर्णन बहुधा बंधुभावाची जुनी परंपरा असे केले जाते. परंपरा आहे हे खरे. परंतु माजी सदस्य या घरात येऊन राबतात यामागे भावनेइतकाच मालकीचा प्रश्न आहे, आणि ते नेमके कोणत्या खोलीत राबतात यामागे बऱ्याच अंशी करकायदा आहे.

घर ही कल्पना मुळात संघटनेच्या नंतरची आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे १८२५ पासून या संघटनांचा आजचा साचा घडू लागला, तेव्हा बैठका भाड्याच्या खोलीत होत. अमेरिकेतील पहिले शाखागृह म्हणून बहुधा जिचे नाव घेतले जाते ती मिशिगनमधील ॲन आर्बर येथील १८४६ सालची ओंडक्यांची झोपडी सुमारे २० फूट बाय १४ फूट एवढीच होती, रानात होती आणि केवळ बैठकींपुरती होती. राहण्याची घरे वाढली ती यादवी युद्धानंतर, जेव्हा महाविद्यालयांतील विद्यार्थी वाढले आणि त्यांच्यासाठी वसतिगृहे बांधण्यात अनेक महाविद्यालयांना ना रस होता ना पैसा.

घर घ्यायचे तर ते कोणाच्या नावावर, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो, आणि त्या काळी सज्ञानतेचे वय २१ असल्याने बहुतेक सदस्यांना कर्जरोख्यावर सही करण्याचाही नीट अधिकार नव्हता. त्यामुळे पदवी घेतलेल्या सदस्यांनी राज्याच्या कायद्याखाली वेगळे मंडळ नोंदवायचे, जमीन व इमारत त्याच्या नावावर ठेवायची आणि राहत्या विद्यार्थ्यांच्या शाखेला ती लीजवर द्यायची, अशी पद्धत रूढ झाली. या मंडळाला ‘हाऊस कॉर्पोरेशन’ म्हणतात. त्याचे पदाधिकारी बिनपगारी असतात. आपल्याकडे वसतिगृहाचा माजी विद्यार्थी देणगी देतो, फार तर भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागते, आणि इमारत संस्थेचीच राहते; इथे माजी विद्यार्थी हाच घरमालक आणि आजचा विद्यार्थी त्याचा भाडेकरू, हे नाते नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या मंडळांनी भरघोस कर्जे काढून मोठमोठी घरे बांधली. इलिनॉय विद्यापीठात, जिथे १८९१ पर्यंत या संघटनांना बंदीच होती, तिथल्या अशा अनेक घरांची नोंद पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत एक गट म्हणून झाली. महामंदीत काही घरे सावकारांकडे गेली, दुसऱ्या महायुद्धात काहींमध्ये लष्करी प्रशिक्षणार्थी राहिले, आणि १९४४ च्या कायद्याने शिक्षणाला आलेल्या निवृत्त सैनिकांनी ती पुन्हा गच्च भरली. सत्तरच्या दशकापर्यंत अनेक इमारती पन्नाशीला आल्या होत्या आणि त्यांचे छत, नळ व तारा सारे एकाच वेळी म्हातारे झाले होते.

येथून खरा गुंता सुरू होतो. दुरुस्तीला पैसा लागतो, पैसा माजी सदस्यांकडे आहे, आणि अमेरिकेत देणगीदाराला पहिला प्रश्न पडतो तो करवजावटीचा. केंद्रीय करविभागाची भूमिका साठच्या दशकात ठरून गेली. फ्रॅटर्निटीची शाखा हा धर्मादाय किंवा शैक्षणिक उपक्रम नसून सामाजिक क्लब आहे, असे १९६९ च्या निर्णयात स्पष्ट झाले. घर सांभाळणाऱ्या मंडळालाही १९६४ च्या निर्णयाने त्याच खान्यात बसवले होते. क्लबला स्वतःच्या सदस्यांकडून मिळालेल्या रकमेवर कर बसत नाही, परंतु क्लबला देणगी देणाऱ्याला स्वतःच्या उत्पन्नातून ती वजा करता येत नाही. म्हणजे गळक्या छतासाठी हाऊस कॉर्पोरेशनला हजार डॉलर देणारा माणूस करविभागाच्या दृष्टीने आपल्या जिमखान्याची वर्गणी भरणाऱ्यासारखाच.

गंमत अशी की त्याआधीच, १९६० मध्ये, त्याच विभागाने म्हटले होते की देणगी महाविद्यालयाला दिली, महाविद्यालयाने स्वतःच्या मालकीचे घर बांधले आणि ते एखाद्या विशिष्ट फ्रॅटर्निटीला राहायला दिले, तर ती देणगी वजावटीस पात्र ठरू शकते. तेच विद्यार्थी, तसेच घर, तोच स्वयंपाकी. फरक फक्त सात-बारा कोणाच्या नावावर आहे याचा. हा भेद कायद्याच्या तर्काने समर्थनीय असेलही, पण महाविद्यालयाने वसतिगृहे बांधण्याची जबाबदारी पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर ढकलली त्यांनाच तो बाधतो, ही माजी सदस्यांची तक्रार अगदी पोकळ आहे असे म्हणता येत नाही.

यातून वाट काढण्यासाठी फ्रॅटर्निटींनी आणखी एक संस्था उभी केली: शैक्षणिक न्यास. हा न्यास धर्मादाय असतो, त्याला दिलेली देणगी वजा होते, आणि तो शिष्यवृत्त्या देतो. मात्र घरावर खर्च करायचा झाल्यास त्याला केवळ ‘शैक्षणिक हिस्सा’ रंगवता येतो. या दोन शब्दांनी जेवढे वास्तुविशारद, वकील आणि हिशेबनीस पोसले असतील तेवढे क्वचितच एखाद्या व्याख्येने पोसले असतील. अभ्यासिका, ग्रंथालय, संगणकांची खोली, त्यांतील टेबले-खुर्च्या आणि इंटरनेटच्या तारा शैक्षणिक ठरतात. जेवणघर, स्वयंपाकघर, टीव्हीची खोली आणि तळघरातला बार ठरत नाहीत. छत, जिना आणि तापवण्याची यंत्रणा ही सर्वांची असल्याने त्यांचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटावा लागतो. समजा १०,००० चौरस फुटांच्या घरात अभ्यासाच्या जागा २,००० चौरस फूट आहेत, तर नव्या छताचा पाचवा हिस्सा न्यास देऊ शकतो आणि उरलेले चार हिस्से भाड्यातून, कर्जातून किंवा वजावट न मिळणाऱ्या वर्गणीतून येतात. त्यातही, महाविद्यालय आपल्या वसतिगृहांत देते त्यापेक्षा अधिक चैनीची सोय न्यासाच्या पैशातून करता येत नाही. याच कारणाने जुन्या घरांच्या नूतनीकरणाच्या नकाशांत अभ्यासिका अनेकदा आश्चर्यकारक रीतीने मोठ्या दिसतात. जेवणघर एखाद्या दिवशी दोन तास ‘अभ्यासासाठी’ उघडे ठेवले तर त्याचा किती भाग शैक्षणिक धरावा, असे प्रश्न जिथे गांभीर्याने विचारले जातात तिथे बांधकाम व्यवसायाचे अर्धे कौशल्य कागदावरच खर्च होते.

आता शनिवारच्या रंगकामाकडे पाहावे. माणसाच्या वेळेला आणि श्रमाला अमेरिकी करकायद्यात वजावट कुठेच नाही, मग काम धर्मादाय संस्थेचे असो वा क्लबचे. धर्मादाय संस्थेच्या कामासाठी पदरचे साहित्य आणले किंवा गाडी चालवली तर खर्च, गाडीचा मैलाला १४ सेंट या दराने, वजा करता येतो; हाऊस कॉर्पोरेशनच्या कामासाठी तोही नाही. तेव्हा घराच्या ज्या भागाला न्यासाचा पैसा पोहोचत नाही, त्या जेवणघराला, पायऱ्यांना आणि टीव्हीच्या खोलीला मोफत हातांची गरज सर्वाधिक असते, आणि घाम गाळणाऱ्याचे करविवरणपत्र दोन्हीकडे सारखेच कोरे राहते. अभ्यासिका ठेकेदार करतो आणि जेवणघर माजी सदस्य रंगवतात, असे चित्र दिसले तर ते योगायोगाने घडलेले नसते, असे माझे मत आहे.

हा भेद दूर करण्यासाठी अमेरिकी संसदेत विधेयके वारंवार मांडली गेली. त्यांचा आशय साधारण एकच: धर्मादाय न्यासांना विद्यार्थ्यांच्या ना-नफा घरांवर, खोल्यांची अशी वाटणी न करता, खर्च करू द्यावा. समर्थक अग्निसुरक्षेचा मुद्दा पुढे करतात. विरोधक विचारतात की निवडक सदस्यांच्या निवासाला सर्व करदात्यांनी हातभार का लावावा. दरम्यान २०१७ च्या करकायद्याने एक वेगळीच गोष्ट घडली. सर्वांना मिळणारी ठरावीक वजावट (ती किंवा देणग्यांसारख्या खर्चांची स्वतंत्र वजावट, यांपैकी एकच घेता येते) जवळपास दुप्पट झाल्याने देणग्यांची स्वतंत्र वजावट मागणारे करदाते साधारण तीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्या आसपास आले. त्यामुळे दोनशे डॉलर देणाऱ्या तरुण माजी सदस्याच्या दृष्टीने न्यास आणि हाऊस कॉर्पोरेशन यांतला फरक बराचसा पुसला गेला, मोठ्या देणगीदाराच्या दृष्टीने मात्र तो तसाच राहिला. २०२६ पासून स्वतंत्र वजावट न मागणाऱ्यांनाही धर्मादाय रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि दांपत्याला २,००० डॉलरपर्यंत सूट लागू झाल्याने लहान देणगीदारही पुन्हा न्यासाकडे वळण्याचे कारण निर्माण झाले आहे.

अग्निसुरक्षेचा मुद्दा केवळ वकिली युक्तिवाद नाही. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे डिसेंबर १९०६ मध्ये एका शाखागृहाला लागलेल्या आगीत चार विद्यार्थी आणि तीन अग्निशामक मरण पावले. पेनसिल्व्हेनियातील ब्लूम्सबर्ग येथे १९९४ मध्ये पाच आणि २००० मध्ये तीन विद्यार्थी अशाच आगींत गेले. नॉर्थ कॅरोलिनातील चॅपल हिल येथे १२ मे १९९६ रोजी, पदवीदानाच्या दिवशी पहाटे, पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर त्या गावाने अशा घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. इतरत्रही नियम कडक होत गेले. परिणामी स्वयंसेवकांच्या हाती राहिलेल्या कामाची यादी आखडली: तारा, गॅस, पाण्याचे नळ आणि स्प्रिंकलर परवानाधारकांकडे गेले, आणि उरले ते खरवडणे, घासणे, रंगवणे, बागकाम. त्यातही घरातील शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली असल्याने त्याआधीची भिंत खरवडणे आणि जुन्या वाफेच्या नळांवरचे ॲस्बेस्टॉसचे वेष्टन हलवणे ही कामे उत्साही हातांवर सोपवण्याजोगी नाहीत.

विद्यार्थ्यांच्या बाजूने ‘स्वयंसेवक’ हा शब्द आणखी अडचणीचा आहे. नव्या सदस्यांचा छळ होत असे त्या आठवड्याला ‘हेल वीक’ म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक ठिकाणी त्याचे रूपांतर ‘हेल्प वीक’मध्ये झाले, ज्यात नवे सदस्य घर किंवा गावातील एखादी सार्वजनिक जागा साफ करीत. हेतू चांगला होता, पण नव्यांनी घासायचे आणि जुन्यांनी पाहायचे एवढे शिल्लक राहिले तर छळ आणि सेवा यांत झाडूचाच फरक उरतो. म्हणून आता केवळ नव्या सदस्यांवर टाकलेली साफसफाई रॅगिंगमध्ये मोडते असे अनेक विद्यापीठांचे नियम मानतात, आणि डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने महाविद्यालयांवर अशा घटना नोंदवून जाहीर करण्याचे बंधन आले. आपल्याकडचा ‘श्रमदान’ हा शब्द इथे लावण्याचा मोह होतो, पण दान मागे घेता येण्याजोगे असावे लागते. ज्याचा खोलीचा करारच कामावर अवलंबून आहे त्याच्या श्रमाला दान म्हणणे कठीण. माजी सदस्य शेजारी उभे राहून तेच काम करतात तेव्हा हा आक्षेप बराच सौम्य होतो, आणि संयुक्त कामाच्या दिवसांना आज जे उत्तेजन मिळते त्याचे हेही एक कारण असावे.

दुसरे कारण भीतीचे आहे. न्यूयॉर्क राज्यातीलच एका महाविद्यालयाने १९९५ मध्ये सर्व विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्याच निवासात राहावे असे ठरवले. घरे हातातली जाणार म्हणून माजी सदस्य न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांचा मक्तेदारीविरोधी दावा चालवण्याजोगा ठरवला, तरी महाविद्यालयाचे धोरण टिकले. त्याच राज्यातील दुसऱ्या एका विद्यापीठाने २००३ मध्ये फ्रॅटर्निटींनी आपली घरे विद्यापीठाला विकावीत असा निर्णय घेतला आणि त्याविरुद्धचे दावेही अयशस्वी झाले. अशा वादांत इमारतीची दुरवस्था हा मुद्दा सहज पुढे येतो. २०२० मध्ये साथीमुळे घरे रिकामी पडली आणि भाडे थांबले, तेव्हा गंगाजळी नसलेल्या मंडळांना दुरवस्थेचा हा धोका नव्याने उमगला. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत जे माजी सदस्य ब्रश घेऊन परतले, त्यांच्यापैकी काहींच्या खिशात महाविद्यालयाच्या तपासणीत निघालेल्या दोषांची यादी होती.