सक्तीने बेपत्ता करणे : गोव्याच्या संदर्भात

शासनाच्या अधिकाऱ्यांनी, किंवा शासनाच्या पाठबळाने वा मूकसंमतीने वागणाऱ्यांनी, एखाद्या व्यक्तीस पकडून नेणे, नंतर तसे नेल्याचे नाकारणे किंवा तिचा ठावठिकाणा दडवणे आणि त्यायोगे तिला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ठेवणे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातील व्याख्येचा आशय असा आहे. साध्या अपहरणाहून हा गुन्हा वेगळा ठरतो तो या नाकारण्यामुळे.

मराठीतील ‘बेपत्ता’ या शब्दात कर्ता नाही, आणि ‘परागंदा’ म्हटले की माणूस स्वतःच निघून गेल्याचा भास होतो. गोव्यातील कोकणीत ‘शेणलो’ (हरवला) आणि ‘व्हेलो’ (नेला) हे वेगळे शब्द आहेत. घरची माणसे दुसरा शब्द वापरतात, दप्तरात मात्र पहिल्याचीच नोंद होते. म्हणून येथे ‘बेपत्ता होणे’ऐवजी ‘बेपत्ता करणे’ हा प्रयोग स्वीकारला आहे.

या प्रथेचा उगम बहुधा 7 डिसेंबर 1941 च्या नाझी जर्मनीच्या ‘रात्र आणि धुके’ हुकुमाशी जोडतात. त्यानुसार व्यापलेल्या देशांतील कैदी गुप्तपणे जर्मनीत नेले जात व नातेवाइकांना काहीही कळवले जात नसे. मात्र आज रूढ असलेली संज्ञा लॅटिन अमेरिकेतली. तिचा संबंध साधारणतः 1960 च्या दशकातील ग्वातेमालाशी लावणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्जेंटिनात 30 एप्रिल 1977 पासून बेपत्ता केलेल्यांच्या आयांनी ब्वेनोस आयरेसच्या मायो चौकात फेऱ्या धरल्या. त्यांच्या डोक्यावरचे पांढरे फडके सुरुवातीला बाळाच्या लंगोटाचे होते, असे सांगतात.

ही संज्ञा गोव्याच्या इतिहासात मागे नेऊन लावताना सावध राहावे लागते. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 1787 च्या पिंटोंच्या कटातील धर्मगुरूंना लिस्बनला नेऊन दीर्घकाळ कैदेत ठेवले गेले. मुक्तिलढ्यातील त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात होते. 1969 मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात चळवळ उभी केली. या सर्वांची कैद उघड होती, त्यामुळे या अन्यायाला बेपत्ता करणे म्हणता येत नाही. बाळा राया मापारी यांचा 1955 मध्ये कोठडीत झालेला मृत्यूही याच कारणाने वेगळ्या सदरात पडतो.

बेपत्ता करण्याला जवळचा धागा एकच. सत्याग्रहींच्या छळासाठी कुप्रसिद्ध असलेला गोव्यातील पोलीस कासिमिरो मोंतेरो पुढे पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांत गेला. पोर्तुगालची 1958 ची अध्यक्षीय निवडणूक हुकूमशहा सालाझारच्या राजवटीविरुद्ध लढवलेले जनरल उंबेर्तो देलगादो फेब्रुवारी 1965 मध्ये स्पेनच्या सीमेजवळ नाहीसे झाले. प्रेत एप्रिलमध्ये सापडले. या हत्येबद्दल मोंतेरोला 1981 मध्ये, गैरहजेरीत, दोषी ठरवण्यात आले. गोव्यात छळलेल्यांना असा निकाल मिळाला नाही, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

कायद्याची खरी गुंतागुंत मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येते. गोव्यात आजही काही अंशी लागू असलेल्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत अनुपस्थित व्यक्तीविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. माणूस बातमी न देता नाहीसा झाला तर त्याच्या मालमत्तेवर न्यायालय पालक नेमते, आधी तात्पुरता व पुढे कायम. ही रचना परदेशी गेलेल्यासाठी किंवा तारवटीसाठी (जहाजावर नोकरी करणाऱ्यासाठी) सोयीची आहे. त्याला कोणी नेले, हा प्रश्न ती विचारत नाही. गोव्यातील वैवाहिक सहमालकीत पत्नीचा अर्धा वाटा असतो, पण घर किंवा भाट (बागायती जमीन) विकायचे तर दोघांची संमती लागते. नवरा नेला गेला की स्वतःचा अर्धा वाटाही तिच्या हाती अडकून राहतो.

दुसरी वाट सात वर्षांच्या गृहीतकाची. सात वर्षे माणसाची खबर नसेल तर तो मृत मानता येतो. ही तरतूद पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 108 मध्ये होती. आता ती भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्ये आहे. हे गृहीतक मृत्यूची तारीख सिद्ध करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले. त्याचा लाभ घ्यायचा तर घरच्यांनीच ‘तो गेला’ अशी भूमिका न्यायालयात घ्यावी लागते. ज्यांनी नेले त्यांना मात्र काहीच कबूल करावे लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या उपरोक्त कराराच्या कलम 24 ने सत्य जाणण्याचा हक्क कुटुंबासही दिला आणि नातेवाइकांच्या मालमत्तेची व कौटुंबिक हक्कांची सोय लावणे राज्याचे कर्तव्य ठरवले. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच तरतूद गोव्यासारख्या सहमालकीच्या प्रदेशात सर्वांत मोलाची आहे. पोर्तुगालने 2014 मध्ये कराराला मान्यता दिली. भारताने 6 फेब्रुवारी 2007 रोजी स्वाक्षरी केली, अनुसमर्थन केलेले नाही. हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय न्याय संहितेतही नाही.

तोवर मुख्य साधन देहोपस्थितीचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, अर्ज; ताब्यातील व्यक्तीस न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश त्यात मागतात. गोव्यात तो मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील खंडपीठापुढे संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली करतात. मणिपूरमधील दोघे लष्कराच्या ताब्यातून परत न आल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये त्यांच्या पत्नींना प्रत्येकी 1 लाख रुपये देववले. माणसे मात्र हजर झाली नाहीत.