पदवीदान समारंभ (मुंबई विद्यापीठ)

पदवीदान समारंभ : अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांना कुलपतींच्या अध्यक्षतेखाली विधिपूर्वक पदवी देण्याचा विद्यापीठाचा वार्षिक सोहळा. यालाच ‘दीक्षांत समारंभ’ असेही म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र ‘कॉन्व्होकेशन’ हाच शब्द असतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८ जुलै १८५७) प्रथेविषयी आहे. महाराष्ट्रातील इतर सार्वजनिक विद्यापीठांचा उल्लेख प्रथेत भेद आहे तेवढ्यापुरताच केला आहे.

शब्दविचार : ‘कॉन्व्होकेशन’चा मूळ लॅटिन अर्थ ‘एकत्र बोलावणे’. ऑक्सफर्ड आणि लंडन येथे हे नाव पदवीधरांच्या सभेला होते, म्हणजे ती एक संस्था होती, समारंभ नव्हे. भारतात तेच नाव पदव्या देण्यासाठी भरवलेल्या सभेला आणि पुढे त्या सोहळ्यालाच चिकटले. ‘पदवीदान’ हा त्याचा सरळ मराठी पर्याय होय. संस्कृतात ‘पदवी’चा पहिला अर्थ वाट किंवा मार्ग असा आहे, दर्जा, हुद्दा हे अर्थ नंतरचे.

‘दीक्षांत’ या शब्दाविषयी मतभेद आहेत. अमरकोशात ‘दीक्षान्तोऽवभृथो यज्ञे’ असे पद येते. सोमयागासाठी यजमान दीक्षा घेऊन व्रतस्थ राहतो आणि यज्ञ संपला की पाणवठ्यावर जाऊन स्नान करतो. ते अवभृथस्नान म्हणजे दीक्षांत. कोशाच्या आधाराने पाहिल्यास हा शब्द यज्ञातला आहे आणि तो यजमानाचा आहे, विद्यार्थ्याचा नाही. विद्यार्थ्याच्या शिक्षणसमाप्तीला गृह्यसूत्रे (घरगुती संस्कारांचे नियम सांगणारे प्राचीन ग्रंथ) ‘समावर्तन’ किंवा नुसते ‘स्नान’ म्हणतात. यावरून ‘दीक्षांत समारंभ’ ही आधुनिक काळातील, थोडी सैल घडण आहे असे एक मत आहे. दुसऱ्या बाजूने अथर्ववेदातील ब्रह्मचारिसूक्ताचा (११.५) दाखला देता येतो. तेथे समिधेने उजळलेला, काळे अजिन (मृगचर्म) पांघरलेला, दाढी वाढलेला ब्रह्मचारी स्पष्टपणे ‘दीक्षित’ म्हटला आहे. विद्यार्थिदशा हीच दीक्षा मानली, तर तिच्या अंताला दीक्षांत म्हणणे निराधार ठरत नाही. (त्या काळ्या अजिनाचा आणि पदवीधराच्या काळ्या झग्याचा संबंध जोडण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.) विद्यापीठीय अर्थाने हा शब्द हिंदी भाषक प्रदेशांतील वापरातून मराठीत रुळला असावा. ‘पदवीदान’ हा शब्द कमी भारदस्त असला तरी अधिक नेमका आहे आणि या नोंदीत तोच वापरला आहे.

यज्ञदीक्षा आणि विद्यार्थिदशा या दोन्हींचा शेवट स्नानाने होतो, हा दुवा महत्त्वाचा आहे. ‘स्नातक’ म्हणजे न्हालेला. पारस्कर गृह्यसूत्रात स्नातकाचे तीन प्रकार दिले आहेत : वेदाध्ययन पुरे केलेला पण व्रताची मुदत न संपलेला तो विद्यास्नातक; व्रत संपले पण अध्ययन राहिले तो व्रतस्नातक; दोन्ही पुरी केलेला तो विद्याव्रतस्नातक. हिंदीत ‘स्नातक’ हा पदवीधराचा रोजचा शब्द आहे. मराठीत तो ‘स्नातकोत्तर’सारख्या जोडशब्दांत अधूनमधून दिसतो, एरवी ‘पदवीधर’च.

समावर्तनाशी संबंध : पदवीदान हा प्राचीन समावर्तनाचाच आधुनिक अवतार आहे, असे समारंभातील भाषणांतून वारंवार सांगितले जाते. आश्वलायन गृह्यसूत्रात समावर्तनासाठी जमवायच्या वस्तूंची यादी आहे : मणी, कुंडले, वस्त्रांची जोडी, छत्री, पादत्राणे, दंड, माळ, अंगाला लावायचे चूर्ण, उटी, काजळ आणि पागोटे. वर्षानुवर्षे साधे राहिलेल्या मुलाला पुन्हा गृहस्थी जगाचा पोशाख चढवायचा, हा त्यामागचा हेतू दिसतो. महाराष्ट्रात या संस्काराचा अवशेष ‘सोडमुंज’ या नावाने घरोघर माहीत आहे. बटू छत्री, काठी घेऊन, पायांत वहाणा घालून काशीला निघतो. मामा त्याला चार पावलांवर अडवतो आणि ‘माझी मुलगी देतो, परत फिर’ म्हणतो. बारा वर्षांचे अध्ययन इथे दहा मिनिटांत आटोपते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील ‘सत्यं वद । धर्मं चर । स्वाध्यायान्मा प्रमदः’ हा आचार्याचा निरोपाचा उपदेश भारतातील अनेक विद्यापीठांत पदवीदानाच्या वेळी म्हटला जातो. आजच्या समारंभात समावर्तनाचे थेट काही उतरले असेल, तर ते हेच.

विधी म्हणून मात्र दोहोंची रचना निराळी आहे. समावर्तन एकेका शिष्याचे होई. त्याची वेळ गुरू ठरवी, परीक्षा वा प्रमाणपत्र नसे आणि गुरुदक्षिणा शिष्य देई. पदवीदानात मोहोर असलेली एक कायदेशीर संस्था परीक्षेच्या निकालावरून एकाच वेळी अनेकांना दर्जा देते. ही कल्पना मध्ययुगीन यूरोपातली आहे. पॅरिस, बोलोन्या येथील विद्यापीठांत शिकवण्याचा परवाना मिळवून अध्यापकांच्या संघात दाखल होणे म्हणजे पदवी मिळणे होते आणि झगा व शिरोवस्त्र ही त्या काळच्या धर्मसेवकांच्या वेषाची पुढची रूपे आहेत. तेव्हा वंशावळ यूरोपीय आणि परिभाषा भारतीय, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात समावर्तनाचा परामर्श घेतला आहे आणि तेच १९४७–४९ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

मुंबईतील आरंभ : १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तिन्हींचा नमुना लंडन विद्यापीठ हा होता. लंडनप्रमाणेच ही विद्यापीठे शिकवीत नसत. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे, विद्यापीठाचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. मुंबई विद्यापीठाला आरंभी स्वतःची वास्तूही नव्हती आणि कचेरी टाऊन हॉलमध्ये होती. ना वर्ग, ना वसतिगृह, ना इमारत. त्यामुळे विद्यापीठ म्हणून जे काही डोळ्यांना दिसे ते पदवीदानाच्या दिवशीच. या समारंभाला पुढे जे अवाजवी वाटणारे महत्त्व आले, त्याचे मूळ येथे शोधावे लागते.

पहिली प्रवेश परीक्षा (मॅट्रिक) १८५९ मध्ये झाली. १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. पहिली बी. ए. परीक्षा १८६२ मधली. तीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे चौघे उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी पदव्या देण्यासाठी पहिली सभा भरली. मुंबईचा गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती असल्याने अध्यक्षस्थानी नुकतेच रुजू झालेले सर बार्टल फ्रियर होते. कला, कायदा, वैद्यक व स्थापत्य अशा चार विद्याशाखा तेव्हा होत्या.

स्त्रियांना पदवी परीक्षांचा मार्ग मोकळा करण्याचा निर्णय सामान्यतः १८८३ चा मानतात. कलकत्ता विद्यापीठाच्या चंद्रमुखी बसू व कादंबिनी गांगुली त्याच सुमारास पदवीधर झाल्या होत्या. मुंबईची पहिली स्त्री पदवीधर म्हणजे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाची कॉर्नेलिया सोराबजी. तिच्या पदवीचे वर्ष काही ठिकाणी १८८७, तर काही ठिकाणी १८८८ दिलेले आढळते. परीक्षेचे वर्ष धरायचे की पदवीदानाचे, यावर हा फरक अवलंबून असावा.

पदवीदान सभागृह : फोर्टमधील विद्यापीठाच्या आवारातील सर कावसजी जहांगीर सभागृह खास या समारंभासाठी बांधले गेले. कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या बांधकामाचा काळ १८६९–७४ असा देतात. आराखडा लंडनचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः मुंबईत कधी आले नाहीत. प्रत्यक्ष काम कर्नल जेम्स फुलर यांच्या देखरेखीखाली झाले. शैली पंधराव्या शतकातील फ्रेंच गॉथिक वळणाची आहे. दालन सुमारे १०४ फूट लांब व ४४ फूट रुंद असून एका टोकाला अर्धवर्तुळाकार गाभा आहे. बाजूंनी ओतीव लोखंडाच्या कंसांवर तोललेला सज्जा फिरतो. प्रेक्षणीय भाग म्हणजे वर्तुळाकार मोठी खिडकी. तिच्या कडेने रंगीत काचेत बारा राशी आहेत. ऊन चढले की मेष, वृषभ, मिथुन यांचे रंग दालनात उतरतात. धर्मपीठासारख्या घडणीच्या या वास्तूत संतांच्या जागी राशी आल्या, हे विद्यापीठाच्या निधर्मी सनदेशी जुळणारे आहे. मात्र ती निवड त्याच हेतूने झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. आवारात टॉमस वुल्नर यांनी घडवलेला कावसजींचा पुतळा आहे. शेजारचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा ही प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झालेली, १८७८ मध्ये पुरी झालेली निराळी वास्तू, स्कॉट यांचीच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सभागृहाचे जतनकाम झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहात या परिसराचा समावेश आहे.

विधी : कुलसचिव वा परीक्षा नियंत्रकांच्या हाती दंड, मागे विद्या परिषद व व्यवस्थापन परिषदेचे सदस्य, अधिष्ठाते, कुलगुरू, प्रमुख पाहुणे आणि शेवटी कुलपती, अशी मिरवणूक सभागृहात येते. सभा सुरू झाल्याचे कुलपती जाहीर करतात. प्रत्येक विद्याशाखेचा अधिष्ठाता आपले उमेदवार सादर करतो. ते उभे राहतात आणि कुलपती अधिकारवचन उच्चारून त्यांना पदवीत दाखल करून घेतात. प्रेसिडेन्सी विद्यापीठांत (कलकत्ता, मुंबई, मद्रास) रूढ असलेल्या जुन्या इंग्रजी वचनाचा आशय असा, की मला असलेल्या अधिकाराने मी तुम्हांस ही पदवी देतो आणि आयुष्यभर आपल्या आचरणाने तिला पात्र ठरण्याची आज्ञा करतो. त्यातील ‘कॉन्व्हर्सेशन’ या शब्दाचा अर्थ बोलणेचालणे नसून, जुन्या इंग्रजीप्रमाणे, वागणूक असा आहे. मराठीत तो ‘संभाषण’ असा उतरवणे चुकीचे होय. कायद्याच्या दृष्टीने पदवी मिळते ती या वचनाच्या क्षणी. नंतर हाती येणारे भेंडोळे हा केवळ पुरावा.

पदवीदानाचे भाषण आरंभी कुलपती किंवा कुलगुरूच करीत. बाहेरच्या पाहुण्याला बोलावण्याची प्रथा नंतर स्थिरावली. पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग (१८९२–९३) आणि त्यांच्यामागून आलेले भांडारकर यांच्या काळापासून व्यासपीठावरचा आवाज बदलला. तीस वर्षांपूर्वी समोर उभे राहून पदवी घेणारा आता देणाऱ्यांत होता.

पदनामांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत कुलपती म्हणजे चान्सलर (राज्यपाल) आणि कुलगुरू म्हणजे व्हाइस-चान्सलर. हिंदीत परंपरेने ‘कुलपति’ हा व्हाइस-चान्सलर असून चान्सलरला ‘कुलाधिपति’ म्हणतात. वृत्तपत्रांच्या अनुवादांत यामुळे राज्यपाल व कुलगुरू यांची अदलाबदल झालेली आढळते. दहा हजार मुनींना अन्न देऊन शिकवणारा तो कुलपती, अशी संस्कृतातील पारंपरिक व्याख्या आहे.

विद्यापीठाचे ब्रीद ‘शीलवृत्तफला विद्या’ हे असून महाभारताच्या सभापर्वातील ‘शीलवृत्तफलं श्रुतम्’ या चरणाशी त्याचे नाते उघड आहे. ‘मुंबई विद्यापीठ’ हे अधिकृत नाव १९९६ पासूनचे.

अन्य विद्यापीठे : पदव्यांची नावेच भारतीय करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात (आताचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ) झाला. तेथील पदवी ‘गृहीतागमा’ व पदव्युत्तर पदवी ‘प्रदेयागमा’ अशी होती. जिने विद्या ग्रहण केली ती आणि जी ती देण्यास योग्य झाली ती, असा दोहोंतील भेद. इंग्रजी आद्याक्षरांनी त्या जी. ए. व पी. ए. अशा लिहीत. विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळाल्यानंतर ही नावे मागे पडली.

पोशाखाचा वाद पुण्यात अधिक गाजला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने काळा झगा सोडून कुर्ता, उपरणे व पगडी असा वेष स्वीकारला. परंतु पुणेरी पगडी की फुले पगडी, यावरून जानेवारी २०१९ च्या समारंभात घोषणाबाजी झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना काळ्या झग्याऐवजी त्या त्या राज्याच्या परंपरेतील पोशाख ठरवण्यास सांगितले.

सद्यःस्थिती : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा सध्याचा आधार आहे. विद्यार्थी पात्र ठरणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी द्यावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००८ चा नियम आहे. १८६२ मध्ये मोजक्या पदवीधरांपासून सुरू झालेला हा सोहळा आता दीड लाखाच्या आसपास पदव्यांचा झाला आहे, तर सभागृहात माणसे मावतात ती हजाराच्या घरात. त्यामुळे मंचावर प्रत्यक्ष बोलावणे होते ते पीएच. डी. धारक आणि पदकविजेते यांनाच. बाकीच्यांना कुलपती एका वाक्यात पदवी देतात आणि प्रमाणपत्र पुढे महाविद्यालयाच्या खिडकीवर किंवा डिजिलॉकरवर मिळते.