शेजारच्या शेतातली तणनाशक फवारणी आणि आपली विहीर : पार्श्वभूमी

बांधाच्या एका बाजूला तणनाशकाची फवारणी आणि दुसऱ्या बाजूला घरच्या पिण्याच्या पाण्याची विहीर. त्या पाण्यात काही उतरले का, हे तपासायचे कोणी? बहुतेक ठिकाणी हे काम आजही विहीरमालकाच्याच गळ्यात पडते, आणि मला तो अन्याय वाटतो.

खरे तर शेजाऱ्याची विहीर नासवू नये हे न्यायालयांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. इंग्लंडमधल्या बॅलर्ड विरुद्ध टॉमलिन्सन या १८८५ च्या खटल्यात एकाने आपल्या जुन्या विहिरीत सांडपाणी सोडले होते. ते जमिनीतून झिरपून शेजारच्या बिअर कारखान्याच्या विहिरीत गेले. जमिनीखालचे पाणी कोणाच्याच मालकीचे नसते, हे न्यायालयाने मान्य केले. पण म्हणून ते घाण करण्याचा हक्क कोणाला मिळत नाही, असा निकाल दिला. इतका सरळ न्याय पुढे तणनाशकांच्या काळात मात्र अपुरा पडला, कारण सांडपाण्याला वास येतो, रंग असतो. तणनाशक पाण्यात उतरले तर जिभेला किंवा डोळ्याला काहीच कळत नाही.

१९४० च्या दशकात टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आले, तेव्हा तक्रारी हवेतून होणाऱ्या नुकसानीच्या होत्या. फवारा वाऱ्याबरोबर उडून शेजारचा कापूस आणि द्राक्षवेली करपत. पाण्याची चिंता फारशी नव्हती. माती सगळे गाळून घेते, असाच समज होता.

हा समज १९७९ मध्ये अमेरिकेत मोडला. कॅलिफोर्निया आणि लाँग आयलंड इथल्या विहिरींत शेतीची रसायने सापडली. ती तणनाशके नव्हती, सूत्रकृमी आणि कीड मारणारी होती. पण माती सगळे अडवत नाही हे उघड झाले. १९९० मध्ये जाहीर झालेल्या तिथल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण घरगुती विहिरींपैकी सुमारे ४ टक्के विहिरींत किमान एक कीडनाशक (यात तणनाशकेही धरली जातात) किंवा त्याचा अवशेष आढळला. सर्वांत जास्त वेळा सापडलेली दोन्ही नावे तणनाशकांशी निगडित होती : डीसीपीए या तणनाशकाचे विघटित रूप आणि ॲट्राझिन हे तणनाशक.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाण्यात चांगले विरघळते ते खोल जाते, असे नेहमी नसते. ग्लायफोसेट हे तणनाशक (१९७४ पासून बाजारात) पाण्यात सहज विरघळते, पण मातीच्या कणांना घट्ट धरून बसते. ॲट्राझिन त्या मानाने फारच कमी विरघळते, तरी माती त्याला धरून ठेवत नाही आणि पावसाबरोबर ते खाली सरकते. खाली अंधार, गारवा आणि थोडे जिवाणू. तिथे ते वर्षानुवर्षे टिकू शकते. शिवाय फवारणीपेक्षा टाकी भरण्याची जागा अनेकदा जास्त घातक ठरते. विहिरीशेजारी सांडलेले तीव्र द्रावण फुटलेल्या कठड्यातून थेट आत जाते, किंवा टाकीत बुडालेल्या नळीतून टाकीतले पाणी उलटे विहिरीत ओढले जाते.

मर्यादा ठरल्या, पण त्या सार्वजनिक नळांसाठी. युरोपने १९८० मध्ये कोणत्याही एका कीडनाशकासाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. भूजलात ॲट्राझिन ती ओलांडत राहिले आणि पुढे तिथे त्याचा वापर थांबला. अमेरिकेत त्याच ॲट्राझिनसाठी ३ मायक्रोग्रॅम चालतात. मात्र अमेरिकेचा १९७४ चा पेयजल कायदा खासगी विहिरींना लागूच नाही, आणि युरोपच्या नियमांतही छोट्या खासगी स्रोतांना वगळण्याची मुभा आहे.

न्यायालयात जावे, तर इंग्लंडमधल्या केंब्रिज वॉटर कंपनीच्या खटल्यातल्या १९९३ च्या निकालाने आणखी एक अट आणली. चामड्याच्या कारखान्यातून सांडलेले द्रावक २ किलोमीटरवरच्या कूपनलिकेत पोहोचले होते; तरीही असे नुकसान होईल याची त्या काळी कल्पना करता येण्यासारखी नव्हती, म्हणून कारखाना सुटला. तणनाशकाबाबत आज ही सबब टिकणे कठीण आहे, कारण पाण्यापासून दूर राहण्याची सूचना बहुतेक डब्यांवरच छापलेली असते. अडते ते पुराव्यापाशी. फवारणीपूर्वीचा नमुना हाती नसेल, तर नंतरच्या अहवालावरून दोष कोणाचा हे ठरत नाही. आणि पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत जिवाणू नि नायट्रेट पाहतात. तणनाशक शोधायचे तर प्रयोगशाळेला त्याचे नाव सांगावे लागते. ते नाव फवारणी करणाऱ्या शेजाऱ्यालाच ठाऊक असते.